अडीच सूत

५ फेब्रुवारी

धाकट्या,

मायना काय लिहावा यावर दोन दिवस गेले. ‘चि.’ लिहिलं तर तू म्हणशील मोठेपणा गाजवतोय, ‘श्री.’ लिहिलं तर तुझी वहिनी हसेल. तेव्हा जे तोंडात बसलंय तेच लिहिलं.

पत्राचं कारण कामाचं आहे. पंचवीस वर्षांखालच्या चित्रकारांच्या प्रदर्शनाची निवड यंदा तुझ्याकडे आहे, असं पेपरात वाचलं. फोटोही होता. चष्मा तुला शोभतो, फक्त उजवीकडे किंचित उतरलाय. काडी वाकवून घे. तर, त्या प्रदर्शनासाठी माझ्या दुकानाच्या पत्त्यावरून एक अर्ज येईल. पत्ता ओळखून तुझा काही गैरसमज व्हायला नको, म्हणून आधीच कळवतो. मुलगी माझी कोणी नाही.

ती बस डेपोमागच्या गोदामात राहते. दोन वर्षांपूर्वी सीमेपलीकडून जी माणसं आली, ती अजून तिथेच आहेत. दोरीवर चादरी टाकून खोल्या केल्यात. तिथली चार-पाच पोरं वजनकाट्याच्या खोलीत जमतात. एक गाते, एक तारेच्या बाहुल्या वळतो, ही चित्रं काढते. वय एकोणीस. गेल्या पावसाळ्यानंतर एकदा दुकानात आली आणि म्हणाली, “काका, ते मधले तुकडे तुम्ही टाकता का?”

तुला आठवत असेल, नसेल तर सांगतो. चित्राभोवती पुठ्ठ्याचा माउंट लावायचा तर त्यात खिडकी कापावी लागते. खिडकीतून जो तुकडा पडतो तो आमच्या लेखी कचरा. तो तिला हवा होता. मी दिले. रोज तीन तास काचा पुसायचं कामही दिलं. काच बरी पुसते. कोपऱ्यात धागा राहू देत नाही.

आता माझं मत. तू विचारलेलं नाहीस, तरी पस्तीस वर्षं रोज चित्रं हाताळणारा माणूस म्हणून सांगतो. हात वाईट नाही. शिस्त नाही. कागदाच्या टोकापासून टोकापर्यंत काढते, सुताएवढासुद्धा समास सोडत नाही. मी म्हटलं, “अगं, फ्रेमच्या खाचेत कडा जातात. जागा सोडावी.” तर म्हणते, “तिकडे हाताएवढा कागद मिळायचा, काका. त्यात समास सोडला तर चित्र कुठे काढू?” उत्तर ऐकायला गोड आहे, पण फ्रेम उत्तरांवर बसत नाही. अजून दोन वर्षं तिने थांबावं, असं माझं प्रामाणिक मत. घाईत डोक्यावर घेतलेली मुलं पुढे बिघडतात. उदाहरणं देत नाही.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

आपला,
फ्रेमवाला

२१ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. चौदा वर्षांनी तीन शब्द: ‘चित्र पाठवू दे.’ शब्द मोजून वापरायला तू कोणाकडून शिकलास ते मला माहीत आहे.

चित्र पाठवतोय. त्याआधी घरातली एक गोष्ट, कारण ती सांगायला दुसरं कोणी नाही.

माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत मी एकशे बारा चित्रं काढली. सगळी पाठीमागे तारीख घालून वरच्या खोलीत उभी लावलेली आहेत. मागच्या वर्षी सायकल काढली. मागच्या चाकाला छत्तीस तारा, पुढच्याला बत्तीस, एकेक मोजून घे. तुझी वहिनी म्हणाली, “अगदी खरी वाटते हो. पण हिच्यावर बसून कोणी जाणार आहे का?” मी म्हटलं, सायकलचं चित्र आहे, सहलीचं नाही. ती म्हणाली, “बरं बरं, ठेवा वर.” एवढंच कौतुक.

परवा स्वयंपाकघरात गेलो तर कॅलेंडरच्या शेजारी वहिनीचे हात. म्हणजे चित्र. मधल्या तुकड्यावर, साध्या पेन्सिलीने, ओल्या फडक्यासकट दोन हात. डाव्या अंगठ्याच्या नखाला जी चीर आहे ना, दारात सापडल्याची, तीसुद्धा.

“हे कोणी लावलं?”

“मी.”

“भिंतीला खिळा ठोकायचा तर मला विचारायचं. प्लास्टर निघतं.”

“खिळा नाही, चिकटपट्टी आहे. आणि तुमचं प्लास्टर नाही, पोट दुखतंय.”

हात जवळून पाहिले. उजव्या मनगटाचं माप चुकलंय, अर्धा सूत जाड आहे. मी ते सांगितलं. ती म्हणाली, “असेल. पण काल मी भांडी घासताना थांबले आणि स्वतःच्या हातांकडे बघत उभी राहिले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.”

असो. चित्राबद्दल सांगतो. पाण्याची रांग आहे. एकेचाळीस माणसं, मी दोनदा मोजली. कोणाच्या हातात डबा, कोणाच्या बादली, एकाकडे लहान बाळाचा टब. चेहरे फार नाहीत, पाठीच जास्त. पण पाठींवरून कोण किती वेळ उभा आहे ते कळतं. हे कसं केलं मला समजत नाही. मी भिंग लावून बघितलं तरी समजत नाही. रांगेत सगळ्यात शेवटी, कागदाच्या डाव्या टोकाला ती स्वतः आहे, आणि तिचा हात मागे गेलाय. तो हात कोणीतरी धरलाय. धरणाऱ्याची फक्त चार बोटं कागदात आहेत, बाकी सगळं कागदाबाहेर.

मी म्हटलं, “ही कोणाची बोटं?”

“ताईची. तिनेच मला काढायला शिकवलं.”

“मग तिला अर्धवट का ठेवलीस? रांग उजवीकडे सरकवली असतीस तर ती पूर्ण मावली असती.”

काच पुसता पुसता म्हणाली, “ती नाही आली, काका.”

बाहुल्यावाला लंबू तेव्हा दुकानातच होता. उगाच तारेचे तुकडे मागायला येतो आणि स्टूल अडवून बसतो. तो म्हणाला, “काका, तुम्ही देवाला भेटलात तरी आधी टेप काढाल.” ती हसली. मला हसू आलं नाही. माझं लक्ष त्या बोटांवर होतं. पट्टी लावून बघितली. कडेपासून आत अडीच सूत. आठ सुतांचा इंच, म्हणजे इंचाचा तिसरा हिस्साही नाही, आणि सगळं चित्र तिथून लोंबतंय.

फ्रेम मी करून देणार आहे. माझ्याकडून. तिने मागितली नव्हती.

आपला,
फ्रेमवाला

९ मार्च

धाकट्या,

आज पार्सल रवाना केलं. फ्रेम सागाची, पट्टी पाऊण इंच, चारही कोपरे असे जुळलेत की नख घालून बघ, जाणार नाही. माउंट दुधी पांढरा, चहूबाजूंनी अडीच इंच. खिडकीचा काप तिरका, नवं पातं घालून एका दमात घेतलेला. उजवीकडे, वर आणि खाली चित्रावर एकेक सूत चढवलाय. डावीकडे थोडा जास्त घ्यावा लागला. कागद त्या बाजूला किंचित तिरका कापला गेला होता, तो सरळ दिसावा म्हणून. बघणाऱ्याला कळणार नाही. तिला दाखवायला वेळ मिळाला नाही. दुपारी ती नोंदणीच्या कचेरीत होती आणि कुरियरवाला साडेतीनला येतो. मी शटर अर्धं ओढून घेतलं, गिऱ्हाइकाचा व्यत्यय नको म्हणून, आणि शांतपणे काम उरकलं. सगळं मापात झालं. मापात कधी चुकलोय का मी?

कचेरीतून आली ती पडलेल्या तोंडाने. एप्रिलअखेर गोदाम रिकामं करणार आहेत. ज्याला या भागातल्या कुठल्या शाळा-कॉलेजात प्रवेश आहे त्याला तिथे राहता येईल, बाकीच्यांना दुसऱ्या शहराच्या छावणीत नेणार, इथून दहा तासांवर. तिथे म्हणे वजनकाट्याची खोली वगैरे काही नाही. आता ती तुझ्या प्रदर्शनाकडे डोळे लावून बसली आहे. निवड झाली की तुमच्या कलाशाळेत वर्षभराची जागा आणि वसतिगृह. हे तुला माहीतच आहे. मला ते आज संध्याकाळी कळलं.

पार्सल तोवर गेलं होतं.

वहिनीने तिला चहा दिला. ती म्हणाली, “काकांनी एवढी छान फ्रेम केली. बघतील तरी नीट.” वहिनी माझ्याकडे बघत होती. मी पाती मोजत होतो. डब्यात दहा असतात, नऊ होती.

फ्रेमवाला

२ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र आलं. एवढं मोठं पत्र लिहितोस हे माहीत नव्हतं. चार वेळा वाचलं. तुझंच वाक्य तुला परत दाखवतो: ‘रांगेचं चित्र आम्ही बाजूला ठेवलं आहे. नाकारलेलं नाही, घेतलेलंही नाही. शेवटच्या मुलीचा हात मागे का ताणलाय तेच कळत नाही, तिथे चित्र लंगडं पडतं. मला डावीकडे काहीतरी कापल्यासारखं वाटतं. अशी चित्रं मी ओळखतो, दादा. सतरा तारखेच्या आत तूच काय ते सांग.’

मला राग आला. आधी तो लिहून टाकतो.

तू ओळखतोस म्हणजे काय? चौदा वर्षं गप्प बसलास आणि आता हे? आईच्या चित्राची गोष्ट काढायची तर उघड काढ. होय, तुझ्या चित्राची उजवी बाजू मी कापली. पाऊण इंच. तयार फ्रेम आखूड होती, त्यात बसत नव्हतं, हे मी त्याच दिवशी सांगितलं होतं. तू भिंतीवरून फ्रेमसकट चित्र उतरवलंस, बॅगेत टाकलंस आणि दुपारच्या बसने गेलास. एक शब्द बोलला नाहीस. भिंतीवर खिळा राहिला. आई रोज त्या खिळ्याकडे बघायची. ती गेली तेव्हा आलास, तेही सकाळी येऊन संध्याकाळी परत. मी तुझ्यासाठी अंथरूण घालून ठेवलं होतं.

तू शिकलास. शाळेत गेलास, शिक्षक मिळाले, रंग कुठला कशात मिसळतो ते कोणीतरी हात धरून सांगितलं. मी बारा वर्षांचा असताना दुकानात उभा राहिलो. मला जे येतं ते मी गिऱ्हाइकांच्या फ्रेमा पुसता पुसता चोरून शिकलो. आणि तरी माझ्या सायकलीच्या तारा पूर्ण असतात. तुझ्या चित्रात आईच्या खुर्चीला तीनच पाय होते, चौथा तू काढलाच नव्हतास. ते कोणालाच का खुपलं नाही?

इथे थांबतो. हे पत्र टाकीनच असं नाही.

४ एप्रिल

वरचं पान तसंच ठेवतोय. फाडलं असतं तर बरं दिसलं असतं, पण मग पुढचं खोटं वाटेल.

धाकट्या, फ्रेम आखूड नव्हती.

तुला तो दिवस अर्धाच माहीत आहे. तू कॉलेजला गेला होतास. मी त्या हिवाळ्यात आईचं चित्र काढत होतो, तुला न सांगता. पाच महिने. कपाळावरच्या सुरकुत्या मोजल्या होत्या, सात. कानातल्यांतलं अंतरही मोजलं होतं. ते पूर्ण करून तिच्यापुढे धरलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग अगदी जिव्हाळ्याने म्हणाली, “छान आहे रे. कोण आहे ही बाई?”

मग तिला तुझं दाखवलं. ते तू एका दुपारी केलं होतंस. खुर्चीचे तीन पाय, नाक अर्धवट, आणि ती दाराकडे बघतेय, दाराच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या पट्टीकडे. तिने चष्मासुद्धा लावला नाही. म्हणाली, “ही मी. तुमची वाट बघतेय.” तुमची म्हणाली, दोघांची. मला तेव्हा फक्त तुझी असं ऐकू आलं.

त्या उन्हाच्या पट्टीची रुंदी पाऊण इंच होती. मी आधी ती कापली. फ्रेम त्यानंतर केली, उरलेल्या मापाची. म्हणून ती इतकी बेतून बसली होती. दार नसलेल्या चित्रात आई नुसती भिंतीकडे बघत बसल्यासारखी दिसायला लागली, आणि मी ते भिंतीवर लावलं.

आता हिचं. काल सकाळी तिला सांगितलं. वहिनी समोर होती. वहिनीला वाटलं होतं मी कागदात गुंडाळून सांगेन. पण तसं काय नि कसं सांगायचं? मी म्हटलं, “तुझ्या चित्राच्या डाव्या बाजूवर मी माउंट जास्त चढवलाय.”

ती काच पुसत होती. “किती?”

“तीन सूत.”

तिने फडकं खाली ठेवलं. माझ्याच दुकानात सात महिने मापं ऐकलेली मुलगी. बोटावर हिशेब करायचीही गरज पडली नाही.

“ताईची बोटं अडीच सूत होती.”

“हो.”

“म्हणजे मोजून झाकलीत.”

“हो.”

तिची नजर त्या काचेवर गेली. मला वाटलं फोडेल. फोडली असती तर बरं झालं असतं. तिने ती उचलली, उजेडापुढे धरून दोन्ही बाजू तपासल्या, राहिलेला एक डाग पुसला आणि जागेवर नीट उभी करून ठेवली. मग ॲप्रन काढून त्याची घडी केली. दारात वळून म्हणाली, “तिकडे सैनिकांनी आमचे कागद जाळले, काका. पण ते चित्र बघून जाळत नव्हते.”

संध्याकाळी लंबू आला तिच्या पेन्सिली न्यायला. नेहमीसारखं स्टुलावर बसला नाही. मी म्हटलं, “काही बोलायचं असेल तर बोल.” तो म्हणाला, “काय बोलू? तुम्ही वाईट असता तर सोपं होतं. तुम्ही तिला पुठ्ठे दिलेत.”

वहिनी कालपासून बोलत नाही. काल जेवताना मी कॅलेंडरशेजारच्या त्या हातांकडे बघत होतो. मनगटाचं माप चुकलेलं नाही. ओलं फडकं पिळताना मनगट फुगतं. मी सव्वीस वर्षं शेजारी बसून ते पाहिलं नव्हतं.

सोमवारी मी येतोय. तुझ्या कार्यालयात, अवजारं घेऊन. तू भेटायलाच पाहिजे असं नाही. फक्त शिपायाला सांगून ठेव, एक माणूस येईल आणि त्याला टेबल लागेल, खिडकीजवळचं.

तुझा भाऊ

२० एप्रिल

धाकट्या,

सोमवारी आपण काय बोललो ते आठवून बघितलं. मी म्हटलं, “टेबल हलतंय.” तू पायाखाली कागदाची घडी दिलीस. मी मागचे खिळे काढले, पाठ उघडली, माउंट बाजूला केला. तू माझ्या खांद्यामागे उभा होतास. बोटं उघडी पडली तेव्हा तुझा श्वास ऐकू आला, बाकी काही नाही. मग तू गेलास आणि आणखी दोघांना घेऊन आलास. त्या चष्मेवाल्या बाई कितीतरी वेळ वाकून बघत होत्या. त्यांनी विचारलं, “आधी हे झाकलं कोणी?” तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी म्हटलं, “मी. मुद्दाम.” माझा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला.

मग मी नवी बैठक केली. माउंट नाहीच. मागे करडा पुठ्ठा, त्यावर चित्र अर्धा इंच उचलून चिकटवलं, चारही कडा मोकळ्या, खाचेत काही जात नाही. डावीकडचा कागद फाटका आहे, तोही दिसू दिला. तू एवढंच म्हणालास, “इथे काचेवर बोट उमटलंय.” ते मी पुसलं. नंतर कॅन्टीनमध्ये तू माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा मागवलास. मी साखर सोडलीय हे तुला कोणी सांगितलं? वहिनी तुला लिहिते का? कधीपासून?

यादी काल लागली. बारा नावांत तिचं सातवं. लंबू पळत सांगायला आला, धापा टाकत. वसतिगृहाची खोलीही मिळाली, तिघींत एक. बाकीच्यांची गाडी तीस तारखेला निघणार, लंबूची पण. त्याने त्याच्या सगळ्या बाहुल्या तिच्याकडे ठेवायला दिल्यात. म्हणाला, “माझी निवड कोण करणार? तारेच्या माणसांना तुम्ही फ्रेम कुठून आणाल?” मी त्याला म्हटलं, काचेची पेटी करतात. मापं घेऊन ठेवली आहेत. तो हसला नाही, पण स्टुलावर बसला.

ती आली नाही. येणारही नाही. लंबूकडून निरोप पाठवला: ‘काकांना सांग, मधले तुकडे टाकू नका. तू जाईपर्यंत तू ने, मग मी कोणालातरी पाठवेन.’ मी तिच्यासाठी वेगळं खोकं केलंय. आता माउंट कापताना मधला तुकडा पडतो तेव्हा मी हाताने झेलतो, कोपरा दुमडू नये म्हणून.

खरं लिहायचं कबूल केलंय तर हेही लिहितो. चित्र आता प्रदर्शनात लागणार आणि मला अजून दुखतं. बरं वाटतं असं लिहिलं तर तुला पटणार नाही. रात्री नाही, सकाळी दुखतं, दुकान उघडताना, तिचं फडकं दिसतं तेव्हा. हे जाणार नाही. मी ते मापात ठेवीन.

सोमवारी माझ्या पिशवीत आणखी एक वस्तू होती. टेबलावर काढायची म्हणून आणली होती. दोनदा हात आत गेला, दोनदा पकड घेऊन बाहेर आला. म्हणून आज पत्रासोबत पाठवतोय, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. सावकाश उघड, कागद जुना आहे. ती मी त्या दिवशी कचऱ्यात टाकली नाही. का, ते मला विचारू नकोस.

पाऊण इंच रुंद, अठरा इंच लांब. काप सरळ आहे, तुझ्या चित्राच्या उजव्या कडेला लावलास तर सांधा दिसणार नाही. उन्हाचा पिवळा जसाच्या तसा आहे. चौदा वर्षं उजेडात काढली नव्हती.

दादा